सगळ्याला चालेल असा रॉड

दर रविवारी रात्री आठ वाजता गौतमचा फोन यायचा, आणि छायाबाई साडेसातपासूनच मोबाइल समोर घेऊन बसायच्या. मध्य प्रदेशातल्या सौंसरला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा कॅनडात, कॅलगरीला, त्याच रविवारची सकाळ उजाडत असते, हे त्यांनी कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.

भगवंतराव होते तोवर फोनचं काम त्यांच्याकडे होतं. बापलेक मिळून कन्हान नदीच्या डोहात गळ टाकून मोठे झालेले, म्हणजे एक खरोखर मोठा झालेला आणि दुसरा म्हातारा. त्यांना बोलायला विषय लागत नसे. पाणी किती आहे, मरळ लागून राहिली का, एवढ्यावर अर्धा तास निघायचा. छायाबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. भगवंतराव गेले, फोन छायाबाईंच्या हातात आला, आणि तो तीन मिनिटांवर आला.

"जेवली का?"

"आता जेवीन. तू?"

"नाष्टा झाला."

"ऋतुजा?"

"झोपून आहे."

"थंडी?"

"आहे."

मग दोघंही काही वेळ एकमेकांकडचा आवाज ऐकत. मोहगावच्या प्राथमिक शाळेत छायाबाईंनी अडतीस वर्षं शिकवलं होतं. वर्गात सहा-सहा महिने तोंड न उघडणारी पोरं त्यांनी बोलती केली होती. पण स्वतःच्या मुलाला सहावा प्रश्न काय विचारावा, हे त्यांना सुचत नसे.

मागच्या वर्षी जूनमध्ये एकदा तो सुचला. "रविवारी काय करते रे तू दिवसभर?"

गौतम जरा थांबला. मग म्हणाला, "नदीवर जातो. मासे पकडायला."

त्या दिवशी फोन अठरा मिनिटं चालला.

पुढच्या रविवारी छायाबाईंनी तिथूनच सुरुवात केली. तिकडे म्हणे गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात, ती पाण्यावर अलगद टाकतात, मासा तिला खरी समजून वर येतो. मासा सोडून देतात. "सोडून देता? मंग कायले पकडता?" छायाबाई म्हणाल्या, आणि गौतम हसला. किती तरी महिन्यांनी त्याचं हसू त्यांनी ऐकलं. त्यानं नदीचा एक फोटोही पाठवला. निळं पाणी, काठावर हिरवी झाडं. फोटोत माणूस नव्हता. छायाबाईंनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, कुठं गौतमची सावली तरी पडली आहे का म्हणून.

दिवाळीत त्यानं सांगितलं, जानेवारीत येतो. ऋतुजाला सुट्टी नाही, एकटाच येतो, नऊ दिवस. मागच्या वेळी तो आला होता तो वडिलांच्या दिवसांसाठी. तेव्हा घरात माणसंच माणसं होती. तेरा दिवस तो पंगतीत वाढत राहिला आणि चौदाव्या दिवशी गेला. छायाबाईंना आता एवढंच हवं होतं, की या नऊ दिवसांत एक दिवस तरी पोरानं बसून आपल्याशी मोकळं बोलावं. तो कसा आहे ते आपल्याला त्याच्या तोंडून कळावं. तेवढं झालं तर पुढचं एकटेपण काढता येईल, असं त्यांना वाटे.

"तुझा तो रॉड कसा आहे रे?" त्यांनी विचारलं होतं.

"असाच. मधला. सगळ्याला चालते असा."

"घेऊन येशील?"

"विमानात कुठं आणू, आई. तिथं असता तर दाखवलं असतं तुले."

फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य छायाबाईंच्या मनात घर करून बसलं. तिथं असता तर. म्हणजे इथं हवा.

त्यांनी नवी वही काढली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि अभ्यासाला बसल्या. मोबाइलवर एक-एक व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, लिहून घ्यायचं. रॉडवर नंबर असतो, एक ते बारा. तीन-चार म्हणजे हलका, पाच-सहा म्हणजे मधला, आठ आणि पुढं म्हणजे भारी. लांबी नऊ फूट बरी. चार तुकड्यांचा असला की पिशवीत मावतो. नंबर म्हणजे काय, ते कुणी नीट सांगत नव्हतं. छायाबाईंनी आपल्या समजुतीनं लिहिलं, 'सहा नंबर – सहा किलोपर्यंतचा मासा.'

असा रॉड सौंसरला कुठं मिळणार. नागपूरलाही दुकानदार फोनवर म्हणाला, मागवावा लागेल, पाहायला मिळणार नाही. न पाहता छायाबाईंनी आजवर पाटीसुद्धा घेतली नव्हती. मग एक दिवस खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर, एका जुन्या स्कूटीच्या आणि दोन म्हशींच्या मध्ये, मजकूर दिसला: 'मछली पकडने की विदेशी रॉड, तीन नग. पांढुर्णा. जानकार को ही देंगे.'

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. त्यांनी सकाळची पांढुर्ण्याची बस धरली.

घर जाम नदीच्या अंगाला होतं. दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच, वाळक्या गृहस्थानं. नाव श्रीकांत. दूरसंचार खात्यात होते. नोकरीची बारा वर्षं हिमाचलात, डोंगरातल्या एका एक्स्चेंजवर काढलेली. तिथल्या ओढ्यांवर हा नाद लागला. आता उजवा खांदा वर जात नव्हता. त्यांनी खाटेवर धुतलेली चादर अंथरून तिन्ही रॉड त्यावर मांडले होते, एखाद्याला मुलगी दाखवावी तसे.

"कोणासाठी पाहून राहिल्या?"

"मुलासाठी. तो कॅनडात खेळते हे."

"मंग तो तिथं घेईल ना."

"तो इथं येऊन राहिला. नऊ दिवस."

"नऊ दिवसांसाठी रॉड?"

"तुम्ही विकून राहिले का चौकशी करून राहिले?"

श्रीकांतजी पहिल्यांदा हसले. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा. किती नंबरचा पाहिजे?"

"सहा. आमच्या कन्हानीत सहा किलोच्या वर मासा लागत नाही."

"इथंच सगळे चुकतात, बाई. नंबर माशाचा नाही, दोरीचा." आणि त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या साध्या गळाला शिसं बांधतात. शिसं जड, ते पुढं जातं, दोरी त्याच्यामागं ओढली जाते. इथं टोकाला पिसांची माशी. तिला वजनच नाही. ती फेकली तर पायाशी पडेल. म्हणून इथं दोरीच जड असते, आणि फेकायची ती दोरी. माशी नुसती तिच्यासोबत जाते. जेवढी जड दोरी, तेवढ्या नंबरचा रॉड. छायाबाईंनी वही काढली, मागचं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. शिकताना चूक सापडली की त्यांना नेहमी बरं वाटे. म्हणजे पुढं जायला जागा आहे.

"हा चार नंबर," श्रीकांतजी म्हणाले. "लहान ओढ्याचा. हाती घेतला तर आहे की नाही कळत नाही. पण वारा आला का संपला. हा आठ. मोठं पाणी, मोठा मासा. याच्यावर लहान मासा लागला तर त्याची धडपड हातापर्यंत येतच नाही, मजा गेली. अन् हा सहा. मले सांगा, घरात एकच कढई ठेवायची म्हटली तर कोणती ठेवाल?"

"मधली."

"झालं."

"झालं कसं? पाहू द्या." छायाबाई उठल्या. "टोक धरा अन् खाली ओढा."

संत्र्यांचा बहर लागला की फांद्या मोडू नयेत म्हणून खालून बांबूचे टेकू देतात. छायाबाईंचा दोन एकरांचा बगीचा बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करणारा भिवाजी दर वर्षी बांबू आणला की एक-एक वाकवून पाहायचा, आणि गेली दोन वर्षं त्या त्याच्या शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. जाड बांबू वाकत नाही. वारा आला की तो तसाच राहतो आणि फांदी मोडते. बारीक बांबू वाकला की वाकूनच राहतो. घ्यायचा तो मधला, जो वजनाखाली झुकतो आणि वजन निघालं की थरथर न करता सरळ होतो. त्याच रीतीनं त्यांनी तिन्ही रॉड पाहिले. आठ नंबर मनगट दुखेपर्यंत हलला नाही. चार नंबर मुठीपर्यंत वाकला आणि सोडल्यावर कितीतरी वेळ डोलत राहिला. सहा नंबर वरच्या अर्ध्यात झुकला, सोडला, एकदा हलला आणि थांबला.

"हा," त्या म्हणाल्या.

श्रीकांतजी त्यांच्याकडे पाहत राहिले. "हे कोणं शिकवलं?"

"संत्र्यानं."

"रॉड तुमचा. पण असा नाही देणार. आधी फेकता आला पाहिजे. माझी अट लिहिलीच होती ना ग्रुपवर."

"मी म्हातारी बाई, मले कुठं फेकायचा आहे?"

"मंग तुमच्या मुलानं काही सांगितलं तर तुमाले समजन कसं?"

हे छायाबाईंना पटलं. घरामागं कापूस निघालेलं एक वावर होतं. तिथं श्रीकांतजींनी त्यांना उभं केलं. अंगठा मुठीवर सरळ. कोपर अंगाला. रॉड मागं न्यायचा, कानाच्या जरा मागं अडवायचा, आणि थांबायचं. दोरी मागं जाऊन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, तेव्हाच पुढं. पहिल्या दिवशी दोरी छायाबाईंच्या पदरात, अंबाड्यात आणि एकदा चष्म्यात अडकली.

"मागं तीस फूट मोकळं पाहिजे," श्रीकांतजी म्हणाले. "माणूस नको, झाड नको."

छायाबाईंनी मागं वळून पाहिलं. रिकामं वावर. भगवंतराव आणि गौतम डोहावर मांडीला मांडी लावून बसायचे, मध्ये चिवड्याचा डबा. त्यांच्या मनात तेच चित्र होतं, फक्त भगवंतरावांच्या जागी त्या.

"मंग सोबतचा माणूस कुठं बसते?"

"सोबतचा?" श्रीकांतजींनी जरा विचार केला. "यात सोबत नसतेच, बाई. मी बारा वर्षं कोणाले सोबत नेलं नाही. कोणी नव्हतंच, म्हणून तर हा नाद लागला." मग त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली. दुखऱ्या खांद्यामुळं ते ती डाव्या हातानं, फार सावकाश गुंडाळत होते.

बसमध्ये छायाबाईंच्या मनात आलं, पोरगा दर रविवारी अशा जागी उभा राहतो, जिथं मागं तीस फूट कोणी नाही. पण रॉड नको घ्यायला, असं काही त्यांना वाटलं नाही. उलट आणखी तीन मंगळवार त्या पांढुर्ण्याला गेल्या. चौथ्या मंगळवारी दोरी सरळ गेली, हवेत लांब उलगडली आणि पऱ्हाटीच्या बुडख्यांवर अलगद उतरली. श्रीकांतजींनी रॉड कापडी पिशवीत भरून त्यांच्या हाती दिला आणि त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवायला आले. बस सुटेपर्यंत ते उभे होते. पुढच्या मंगळवारी आता यांच्याकडे कोण येईल, असं छायाबाईंना वाटून गेलं.

गौतम आला तो वाळलेला होता. पहिले दोन दिवस तो झोपला. तिसऱ्या दिवशी नातेवाईक आले. चौथ्या दिवशी तो ओसरीवर बसून मोबाइल पाहत होता आणि छायाबाई आत भाजी चिरत होत्या, आणि दोघांच्या मध्ये तो रविवारचा फोन संपतानाचा शांतपणा येऊन बसला होता. विचारलं की तो उत्तर द्यायचा. बरं आहे. ठीक आहे. ऋतुजा मजेत. संध्याकाळी छायाबाईंनी कपाटातून पिशवी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

त्यानं नाडी सोडली, एक तुकडा अर्धा बाहेर काढला आणि तसाच धरून राहिला.

"सहा नंबर आहे," छायाबाई म्हणाल्या. "मधला. सगळ्याला चालते."

"आई, हे कुठून..."

"उद्या कन्हानीवर जाऊ. मी येतो सोबत."

"कायले एवढं केलं तू," तो म्हणाला. आनंद झाल्यावर माणूस म्हणतो तसं त्यानं ते म्हटलं नव्हतं. छायाबाईंना वाटलं, वडिलांची आठवण आली असेल.

सकाळी शेजारच्यांची मोटरसायकल घेऊन दोघं डोहावर गेले. पाणी उतरलेलं, तळाची वाळू दिसेल इतकं स्वच्छ. छायाबाई मुद्दाम दूर, एका दगडावर बसल्या. मागं तीस फूट मोकळं राहील असं पाहून.

गौतमनं चारही तुकडे बाहेर काढले आणि रुमालानं पुसले. मग पुन्हा पुसले. मग पिशवीची घडी केली. अडतीस वर्षं त्यांनी हे पाहिलं होतं: गृहपाठ न केलेलं पोर आधी पेन्सिलीला टोक काढतं, मग वहीची पानं सरळ करतं. त्यानं तुकडे जोडले. दोरी ओवायच्या कड्या एका रेषेत यायला हव्यात. त्या चार दिशांना चार झाल्या. दोरीचं रीळ मुठीच्या खाली असायला हवं, ते त्यानं वर बसवलं. मग तो उभा राहिला आणि भगवंतराव गळाची काठी झटकायचे तसा त्यानं रॉड झटकला. दोरी त्याच्या पायाशी गोळा होऊन पडली. त्यानं पुन्हा झटकला. आईकडं वळून पाहिलं नाही.

छायाबाईंना सगळं एकदम कळलं, आणि काय कळलं ते पुरतं कळेना. आधी राग आला. चार मंगळवार, ती वही, चष्म्यात अडकलेली दोरी. मग तो पाठमोरा उभा असलेला, कॉलर दुमडलेला माणूस त्यांना दिसला. त्या उठल्या आणि त्याच्याजवळ गेल्या.

"दे इकडं."

त्यांनी रीळ काढून खालच्या बाजूला बसवलं. तुकडे फिरवून कड्या एका रेषेत आणल्या. रॉड परत त्याच्या हातात दिला. "अंगठा वर ठेव. सरळ. कोपर अंगाला लाव. आता मागं ने. थांब. अजून थांब. आता."

गौतमनं विचारलं नाही, तुला हे कसं येते. त्यांनीही काही विचारलं नाही. "लवकर आणला. दोरीला मागं सरळ होऊ दे." पुन्हा. "हं, बरं आहे. मनगट नको मोडू." पुन्हा. छायाबाईंचा आवाज वर्गातला झाला होता. कुणाला घाई नसलेला. अर्ध्या तासानं एकदा दोरी उलगडली आणि पाण्यावर हलकी रेघ उमटली.

"आई," गौतम पाण्याकडं पाहतच म्हणाला, "मी कधीच गेलो नाही."

"हं."

"नदीवर. एकदाही नाही. बस पुलावरून जाते. तिथून काढला होता तो फोटो."

"मंग रविवारी?"

"कामाले जातो. दुसरं काम. गोदामात. नऊ वाजता लागते. तुले फोन करतो ना, तेव्हा गेटच्या बाहेर उभा असतो."

छायाबाईंनी दोरीच्या टोकाला, पाण्यावर तरंगणाऱ्या माशीकडं पाहिलं. इवलीशी, तपकिरी पिसांची. "अन् ऋतुजा?"

त्यानं रॉड हळूहळू खाली घेतला. छायाबाई थांबल्या.

"मागच्या मार्चपासून नाही राहत सोबत. टोरांटोला आहे. कागदपत्रं चालू आहेत. वकील, एकट्यानं घरभाडं, म्हणून दुसरं काम धरलं." रॉडचं टोक आता पाण्याला टेकलं होतं. "तू विचारलं, रविवारी काय करते. मी गेटवर उभा होतो. बाबा आठवले, तोंडातून निघून गेलं. मंग पुढच्या रविवारी तू पुन्हा विचारलं. इतकं विचारू लागली तू. मीही मंग शनिवारी रात्री वाचून ठेवायचो, तुले सांगायले."

म्हणजे तोही. इकडं त्या वहीत उतरवून घेत होत्या, तिकडं तो वाचून ठेवत होता, आणि दोघांनी मिळून सात महिने एक नदी चालवली होती जिच्यावर कुणीच जात नव्हतं. रडावं असं त्यांना वाटलं. पण शिकवताना रडायचं नाही ही सवय फार जुनी होती.

"तिथं दुपारी जेवते कुठं तू?" त्यांनी विचारलं.

"गोदामाच्या मागं बाक आहे. तिथं."

"बर्फात?"

"बर्फात उभ्यानं."

पलीकडच्या काठावर कुणीतरी बैल पाण्यावर आणले होते. छायाबाईंनी त्याच्या हातून रॉड घेतला, वाळूत न टेकवता दगडाला तिरपा लावून ठेवला, आणि त्या खाली बसल्या. शेजारची वाळू त्यांनी हातानं जराशी सारखी केली.

"बस. अन् आता पहिल्यापासून सांग. मासे सोडून."

गौतम बसला. त्यानं एक-दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. पाच दिवस उरले होते, आणि त्यानंतर पुन्हा ओसरी, कॅलेंडर आणि रात्रीचे आठ. छायाबाईंनी घाई केली नाही.

"मार्चच्या आधी," तो म्हणाला, "आम्ही घर बदललं..." आणि तिथं अडखळला.

"हं," छायाबाई म्हणाल्या. "बदललं. मंग?"